‘एवढं काय दाखवायचं?’ हा प्रश्न कोणत्या दिवशी विचारायचा

नाशिकरोडच्या एका ताईंचं पत्र आलं आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. एका नामवंत कलावंताचं निधन झालं, त्या संध्याकाळी घरातले सगळे बातम्या बघत बसले होते. चर्चेतले एक पाहुणे हसत म्हणाले, “सकाळपासून काय तेच तेच लावलंय? माणसं रोज मरतात. परवा आमच्या तालुक्यात दोन शेतकरी गेले, तेव्हा कुठे होते तुमचे कॅमेरे?” अँकरही हसली. ताईंच्या सासऱ्यांनी टीव्ही बंद केला: “तिकडे अजून माणूस उचललेला नाही आणि हे दात काढतायत.” कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणाला, “पण खोटं काय बोलला तो?” तेव्हापासून आजोबा-नातवात अबोला आहे. ताई विचारतात, चूक कोणाची, असं का होतं, आणि तक्रार करायची तर कुठे?

ताई, मी १९९८ साली नाशिकच्या एका दैनिकात लागलो. मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या २००७ मध्ये सुरू झाल्या तेव्हा तिकडे गेलो, जिल्हा प्रतिनिधी म्हणून बरीच वर्षं, मग मुंबईच्या डेस्कवर. आता निवृत्त आहे. एवढ्यासाठी सांगतो की पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं मी स्वतः केलेलं आहे.

उदाहरण माझंच घ्या. जिल्ह्यातल्या एका मोठ्या पुढाऱ्याची अंत्ययात्रा होती. सकाळी सहापासून मी उभा. साडेअकराला कानात आवाज आला, “थेट तुमच्याकडे येतोय, गर्दीचं सांगा.” आणि मी बोलून गेलो, “आपण पाहू शकता, नागरिक मोठ्या उत्साहात अंत्यदर्शनासाठी येत आहेत.” मला कळलंसुद्धा नाही. गणपती मिरवणूक, रामनवमी, प्रचारसभा असं सगळं करून करून तोंडात एक साचा बसलेला असतो. गर्दी दिसली की ‘उत्साह’ आपोआप येतो. दुसऱ्या दिवशी पंचवटी कारंजावर चहा पिताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “साहेब, मयताला उत्साह कधीपासून यायला लागला?” टपरीवरचे सगळे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

मी तेव्हा निर्दय झालो नव्हतो. पुढाऱ्याला ओळखत होतो, वाईटही वाटलं होतं. पण साडेपाच तास बोलत होतो, आणि सांगण्यासारखं जे होतं ते पहिल्या दहा मिनिटांतच संपलं होतं. पडद्यावरची बहुतेक असंवेदनशील वाक्यं या रिकाम्या वेळात जन्मतात. तुमच्या पाहुण्यांचं वाक्यही तिथलंच.

मोठ्या माणसाच्या मृत्यूच्या दिवशी आत काय चालतं ते सांगतो. पक्की माहिती किती असते? कधी गेले, कुठे, कशाने, अंत्यसंस्कार किती वाजता. चार ओळी. याशिवाय एक ‘ऑबिट’ तयार असतं, म्हणजे जीवनपटाची आठ-दहा मिनिटांची फीत. वयस्कर आणि आजारी नामवंतांची ऑबिट आधीच करून ठेवतात. हे ऐकून लोकांना शिसारी येते, मला मात्र ते गैर वाटत नाही. घाईत तीन सिनेमांची नावं चुकवण्यापेक्षा शांतपणे केलेलं काम बरं. (गैर आहे ते तयार ऑबिट हातात असल्याची खाज. विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात होते, तेव्हा २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीच ‘गेले’ अशी बातमी पसरली, श्रद्धांजल्या सुरू झाल्या. घरच्यांना सांगावं लागलं की ते अजून आहेत. ते गेले २६ तारखेला. आपला माणूस आत झुंजतोय आणि बाहेर आपणच तो जिवंत असल्याचा खुलासा करायचा, ही वेळ त्या घरावर आपल्या धंद्याने आणली.)

तर चार ओळी आणि दहा मिनिटं. यावर रात्री अकरापर्यंत तग धरायचा असतो. मग फोनो, म्हणजे फोनवरून घेतलेल्या प्रतिक्रिया, सुरू होतात. गेस्ट कोऑर्डिनेटर म्हणजे पाहुणे जमवणारी मुलं. ती यादी घेऊन बसतात. आणि इथे एक गोष्ट घडते जी मला डेस्कवर गेल्यावर पहिल्याच अशा दिवशी लक्षात आली. ज्याला खरोखर धक्का बसलाय तो फोन उचलत नाही. तो त्या घरी तरी असतो, नाही तर स्वतःच्या घरात दार लावून बसलेला असतो. फोन उचलतात ते ज्यांना बोलता येतं आणि वेळ असतो. दुपारी चारपर्यंत तेच पाच आवाज चार वाहिन्यांवर फिरत असतात. ‘अकाली एक्झिट’, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, ‘काळाच्या पडद्याआड’ हे सगळं वापरून झालेलं असतं.

आठ वाजता चर्चा. आता जो पाहुणा बसतो त्याला काहीतरी वेगळं बोलायचं असतं, कारण वेगळं बोलणाऱ्यालाच परत बोलावतात. श्रद्धांजली सगळ्यांनी वाहून झाली, आठवणी सगळ्यांनी सांगून झाल्या. उरलं काय? कव्हरेजला नावं ठेवणं. म्हणजे ‘कव्हरेज फार झालं’ हे वाक्य त्याच कव्हरेजचा नववा तास असतं. पाहुण्यांनी प्रवाहाविरुद्ध काही केलं असं तुमच्या मुलाला वाटलं. ते प्रवाहात पोहत होते, फक्त उलट्या अंगावर.

आणि अँकर का हसली? तिची बाजू घेतोय असं समजू नका, पण ती बहुधा पाच-सहा तास खुर्चीत होती. कानात पीसीआरमधून, म्हणजे जिथून कार्यक्रम चालवतात त्या खोलीतून, सतत बोलणं चालू असतं. “पुढचा पाहुणा आला नाही, ओढ अजून दोन मिनिटं.” “ब्रेक घेऊ नको.” “एनर्जी, एनर्जी!” पाहुण्यांचं निम्मं बोलणं तिला ऐकूच येत नसतं, समोरचा हसला की चेहरा हसतो. या आतल्या खोलीची भाषाही निराळी. पडद्यावर ‘पार्थिव’, कानात ‘बॉडी’. “बॉडी किती वाजता निघतेय?” “बॉडीचं व्हिज्युअल आलं का?” दिवसभर कानात बॉडी बॉडी ऐकलेला माणूस संध्याकाळी पडद्यावर चुकून ‘बॉडी’ म्हणतो, आणि त्या घरातली एखादी पुतणी ते ऐकते. मी डेस्कवर असताना एक नियम केला होता: आतसुद्धा ‘पार्थिव’च म्हणायचं. पोरं मला हसायची. हसा, पण म्हणा.

आता मुलाच्या मुद्द्याकडे येतो. त्याला सांगा, प्रमाण चुकतं हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्याचा दाखला द्यायला नाशिकबाहेर जायची गरज नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ. आपल्या नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे ज्या एमआय-१७ हेलिकॉप्टरमध्ये होते ते काश्मीरमध्ये बडगामजवळ कोसळलं. हवाई दलाचे सहा जण गेले, जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्याच सकाळी हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले. देशाचा श्वास तिकडे अडकला होता, ते समजू शकतो. पण बडगाम दिवसभर खालच्या पट्टीवरून सरकत राहिलं. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये मान्य केलं. त्या दिवशी त्यावर किती चर्चा झाल्या? मोजक्या.

अंत्यसंस्कार नाशिकला झाले. घोषणा चालू होत्या, आम्ही सगळे वाहिनीचे माइक घेऊन होतो. निनाद यांच्या पत्नी त्या काळात माध्यमांशी जे बोलल्या ते मी विसरलेलो नाही. युद्ध नको, त्यात काय जातं ते तुम्हाला माहीत नाही, असं त्या म्हणाल्या. सोशल मीडियावर लढाई करणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की एवढा जोश असेल तर सैन्यात जा. ते जमत नसेल तर आपला परिसर स्वच्छ ठेवा, मुलींची छेड काढू नका. कव्हरेजवर, देशभक्तीच्या गोंगाटावर याहून कडक टीका मी ऐकलेली नाही. ती कोणालाच असंवेदनशील वाटली नाही, कारण बोलणारीचं स्वतःचं माणूस गेलं होतं आणि ती दुसऱ्या कोणाच्या दुःखाशी आपलं दुःख तोलत नव्हती.

तुमच्या पाहुण्यांनी तेच तोलण्याचं काम केलं. तालुक्यातल्या दोन शेतकऱ्यांचं दुःख त्यांनी तराजूच्या एका पारड्यात टाकलं, आणि दुसऱ्या पारड्यात त्या दिवशी ज्याच्या घरी चूल पेटली नव्हती त्याचं. मला विचारायचं आहे ते इतकंच: परवा ते दोन शेतकरी गेले तेव्हा या गृहस्थांनी कोणत्या वाहिनीला फोन केला होता? निफाड, येवला, चांदवड पट्ट्यात अशा घरांत मी गेलोय. त्या घरांना कोणा कलावंताचं कव्हरेज कमी करून हवं नसतं. त्यांना बँकेच्या नोटिशीवर कोणीतरी नीट बातमी करावी असं वाटतं, आणि तेराव्यानंतरही कोणीतरी यावं असं वाटतं. त्यांची नावं दुसऱ्याच्या मृत्यूवर शेरा मारायला वापरली, म्हणजे त्यांचाही मान गेला. सासऱ्यांना राग आला तो मला योग्य वाटतो. मुलाचा प्रश्नही योग्य आहे, पण तो संपादकाला विचारायचा, आणि अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर, किंवा मुळात कोणी गेलं नसेल अशा एखाद्या साध्या मंगळवारी.

जास्त बोलण्यातून जी हानी होते तीत उघड हसणं हा तर सौम्य प्रकार. मला जास्त भीती वाटते ती हळहळीच्या आवाजात केलेल्या तर्कांची. श्रीदेवी २४ फेब्रुवारी २०१८ ला दुबईत गेल्या. तिथल्या यंत्रणेने अपघाती बुडून मृत्यू असं सांगून २७ तारखेला प्रकरण बंद केलं. मधल्या तीन दिवसांत आपल्याकडे स्टुडिओत बाथटबची चित्रं लावून अँकर त्याशेजारी उभे राहिले, एका तेलुगू वाहिनीचा वार्ताहर तर टबात झोपून दाखवत होता. यातलं कोणीही हसत नव्हतं. सगळे गंभीर, आवाज खाली आणलेला.

सुशांतसिंह राजपूतच्या वेळी, जून २०२० मध्ये, याच्याही पुढे गेलो. क्रिकेटपटूची भूमिका गाजवलेला नट गेला म्हणून त्याच्या मृत्यूला ‘हिट विकेट’ म्हणणारी शीर्षकपट्टी चालली. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये चार हिंदी वाहिन्यांना माफी दाखवायला सांगितलं, त्यांतल्या एकीला त्याच्या नावाने खोटी ट्वीट्स दाखवल्याबद्दल एक लाखाचा दंड केला. १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. आत्महत्येची बातमी देताना मृत व्यक्ती दुबळ्या मनाची होती असं रंगवू नका, तिच्या खासगीपणात शिरू नका, असं त्यात आहे. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट जुळणारी एक गोष्ट आहे: चर्चेतला वक्ता भरकटायला लागला तर अँकरने त्याचा आवाज बंद करावा, हा एक उपाय न्यायालयाने सुचवला आहे. तपास चालू असलेल्या प्रकरणांच्या संदर्भात ते लिहिलेलं आहे, पण बटण तेच असतं. पीसीआरमध्ये प्रत्येक माइकची वेगळी खुंटी असते. ती खाली करायला एक सेकंद लागतो. करत नाहीत, कारण वाद झाला तर क्लिप चालते.

लूपबद्दलही, म्हणजे तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवण्याबद्दलही, लिहितो, कारण त्याकडे कोणी ‘भाष्य’ म्हणून बघत नाही. २१ एप्रिल २०२१. नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब कमी झाला, त्या दिवशीचा मृतांचा आकडा बावीस होता. मी तेव्हा मुंबईत, डेस्कवर. एका बाईचं व्हिज्युअल आलं, रुग्णालयाच्या पायरीवर. ती एकदा रडली होती, वीस-पंचवीस सेकंद. आम्ही तिला संध्याकाळपर्यंत रडवलं. प्रत्येक वेळी अँकर नवं काही सांगत होता आणि मागे ती पुन्हा पायरीवर बसत होती. मी शिफ्टमध्ये होतो, थांबवू शकलो असतो. आठ वाजता एका कनिष्ठ मुलीने येऊन विचारलं, “सर, हिला आता उठू द्यायचं का?” तेव्हा ते काढलं. त्या मुलीने पुढे ही नोकरी सोडली.

मग करायचं काय, असं मला शिकणारी पोरं विचारतात. मी त्यांना रामकुंडावर नेतो. नाशिकची गंमत अशी की मोठ्या माणसाची बातमी संपत आली की तो आपल्याकडे येतो, कलशातून. लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या. शिवाजी पार्कवर शाहरुख खानने दुआ मागून फुंकर घातली, ती थुंकला म्हणून फिरवली गेली, त्यावर दोन दिवस घमासान चाललं. १० तारखेला मंगेशकर कुटुंबीय अस्थी घेऊन रामकुंडावर आले. घमासान करणाऱ्यांना तोवर दुसरा विषय मिळाला होता.

तिथले तीर्थोपाध्याय बघा काय विचारतात. नाव काय, गोत्र काय, विधी कोण करणार. तीन प्रश्न. ‘तुम्हाला आता कसं वाटतंय?’ हा प्रश्न ते विचारत नाहीत, आणि त्यांच्यासमोर रोज किती रडणारी माणसं बसतात याचा हिशेब नाही. मधले मंत्र होतात, मधली शांतता होते, पाण्याचा आणि कावळ्यांचा आवाज असतो. तो आवाज टीव्हीवर ऐकवता येतो. आमच्या भाषेत त्याला अँबियन्स म्हणतात. वीस सेकंद नुसती पायवाट, चपलांचा आवाज, कोणी बोलत नाही. मी एकदा करून बघितलं, पंधरा सेकंदांनी वरून फोन आला, “ऑडिओ गेलाय का?”

जुन्या दूरदर्शन-आकाशवाणीची आठवण काढून मी हळवा होणार नाही. तेव्हा सारंगी लागली की कोणीतरी मोठं गेलं हे लोक ओळखायचे, पण ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याचं लोकांना बीबीसीकडून आधी कळलं आणि आपल्याकडे संध्याकाळी, हेही तितकंच खरं. गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे. जे पक्कं आहे ते लगेच सांगा, तासाला एकदा सांगा, आणि मधल्या वेळात दुसऱ्या बातम्या द्या. द्राक्षांचा भाव द्या, धरणाचं पाणी द्या, तुमच्या पाहुण्यांच्या तालुक्यातले शेतकरीही द्या. मुलाचं म्हणणंही यातच भागतं.

आता तक्रार. पहिली चूक लोक करतात ती प्रेस कौन्सिलला लिहिण्याची. ते वृत्तपत्रांसाठी आहे, वाहिन्या त्यांच्या कक्षेत येत नाहीत. पोलीस ठाण्यातही यासाठी जाऊ नका, वेळ जाईल. (मृत व्यक्तीची बदनामी कुटुंबाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली तर गुन्हा ठरू शकते, पण ती वाट त्या कुटुंबाची.) केबल टीव्हीचे नियम २०२१ मध्ये बदलले. त्यानुसार आधी थेट वाहिनीला लिहायचं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता वाहिनीच्या संकेतस्थळावर तळाशी बारीक अक्षरात सापडतो. चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास किंवा पटलं नाही तर वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे पंधरा दिवसांत अपील, आणि तिथेही समाधान झालं नाही तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची समिती.

पत्रात ‘आमच्या भावना दुखावल्या’ असं लिहू नका. अशी पत्रं मी स्वतः फायलीत ढकललेली आहेत. तारीख, कार्यक्रमाचं नाव, घड्याळातली वेळ, पाहुण्यांचं वाक्य जसंच्या तसं, आणि अँकरने थांबवलं नाही ही वेगळी ओळ. मागणी एकच ठेवा: त्याच वेळेच्या कार्यक्रमात खेद व्यक्त करावा आणि संकेतस्थळावरून तो भाग काढावा. दंडाची आशा धरू नका. एक लाखाच्या दंडाने वाहिन्यांवर काय फरक पडतो, असं सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये विचारलं होतं. पण तक्रारीची फाइल झाली की संपादकाला वकिलाशी बोलावं लागतं, आणि पुढच्या वेळी तो पाहुणा यादीत खाली जातो. हे मी आतून बघितलंय.

ती क्लिप मात्र ग्रुपवर टाकू नका, ‘बघा किती निर्लज्ज’ असं लिहूनसुद्धा नाही. त्यांना तेच हवं असतं. फोनमध्ये ठेवा, पुसू नका. पत्राचा मसुदा मुलाकडून लिहून घ्या आणि सासऱ्यांना वाचायला द्या. वृत्तवाहिन्यांच्या मुख्य स्वनियमन संस्थेकडे पुढे जायचं तर प्रसारणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीला पहिली तक्रार गेलेली असावी लागते, आणि तुमच्या पत्रावरची तारीख बघता आज तिसरा दिवस आहे.